आबांच्या नावाचं पाकीट

सृष्टी : आधी बसा, आबा. पाणी प्या. असे न कळवता कसे आलात?

लालासाहेब : पाणी ऱ्हाऊ दे. तुझा फोन कवापासनं बंद हाय त्ये सांग.

सृष्टी : परवा सकाळपासून. नेटवर्कच येईना. दुकानात पैसे द्यायला गेले तर ते पैशांचं ॲपही उघडेना. तांदूळ तिथंच ठेवून परत आले. मला वाटलं, टॉवरचं काहीतरी असेल.

लालासाहेब : टॉवर धडधाकट हाय. त्या नंबरचं दुसरं शिमकार्ड निघालंय. हितलं मेलं, आन् तिकडं घरात जितं झालं. जयराजच्या फोनात.

सृष्टी : काय म्हणताय.

लालासाहेब : दार लावून घे.

अनसूयाबाई : लावू नका, मी आत येतेय. सृष्टी, कोण आलंय गं? खाली पुरुषाचा आवाज ऐकला, म्हणून काठी घेऊनच जिना चढले.

सृष्टी : काकू, हे आबा. माझे सासरे. आबा, ह्या अनसूयाकाकू. ही खोली त्यांचीच.

अनसूयाबाई : म्हणजे सुभेदार. चार महिन्यांपूर्वी पेपरातल्या जाहिरातीवरून फोनवर माझी खोली ठरवलीत आणि स्वतःच्या मुलाला पत्ता लागू न देता हिला लोणंदला गाडीत बसवून दिलंत, ते तुम्ही. बसा हो. काठी ठेवते बाजूला.

लालासाहेब : राम राम, बाई. काठी जवळच असू द्या. त्यो मुलगाच, जयराज, हितं येणार हाय.

सृष्टी : कधी?

लालासाहेब : आज फडात तोड हाय. टोळी आलीया, ट्रॅक्टर हुबा हाय. ऊस भरून कारखान्याच्या वाटंला लागंस्तवर त्येला हलता यायचं न्हाई. पर सांजच्याला निघंल. म्या 'हिरीवरची मोटार बगून येतो' म्हनून भाईर पडलो आन् सरळ स्टेशन गाठलं. फोन घरातच ठेवलाय, मुद्दाम.

सृष्टी : पण त्याला माधवनगर कळलं कसं? तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

लालासाहेब : म्या न्हाई सांगितलं. म्या दिलेल्या रुपयानं सांगितलं.

अनसूयाबाई : मला जरा नीट उलगडून सांगा. मी एकतीस वर्षं सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजात काढली. आमच्या तारेतून फक्त आवाज जायचा, रुपये नव्हते जात.

लालासाहेब : सरकारनं डिजिटल रुपया काडलाय न्हवं, बाई. त्यो. नोटच, पर कागदाची न्हाई, फोनातल्या पाकिटात ऱ्हाती. साताऱ्याला आमचा माजी सैनिकांचा मेळावा झाला, तितं एका बँकेचं पोरगं आलतं टाय लावून. त्येनं समजावलं. म्हनला, सुभेदारसाहेब, खात्यातनं पैसं गेलं की कुणाला गेलं त्ये पासबुकात उठतं. ह्येचं तसं न्हाई. ह्यो रुपया म्हंजी एका हातातनं दुसऱ्या हातात नोट. नोट कवा सांगती का, कुणाच्या खिशातनं आली म्हनून? मला ते पटलं. आमचं पासबुक भरून आनायला जयराजच जातोय. मनीऑर्डर करावी तर पोस्टमन कोंडीबा. त्येच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. मग म्हनलं, ह्येच बरं.

सृष्टी : आबांनी जुना फोन दिला, काकू. त्यात त्यांच्याच नावाचं जादाचं सिमकार्ड. पाकीटही त्यांच्याच नावाचं. माझं नाव कुठंच नको, म्हणून.

अनसूयाबाई : आणि वडिलांच्या नावाचं सिमकार्ड मुलाला दिलं कुणी?

लालासाहेब : म्याच. त्येला त्या नंबरचं रिकामं कव्हर कपाटात घावलं आसणार. परवा मला म्हनला, आबा, कारखान्याची केवायसी ऱ्हायलीया, लोणंदला चला. गेलो. मशिनीवर अंगठा ठेव म्हनला, ठेवला. त्याच अंगठ्यावर त्येनं दुसरं शिमकार्ड काडलं. कारखान्याची केवायसी मोबाईलच्या दुकानात कशी, येवढं बी इचारलं न्हाई म्या.

अनसूयाबाई : असू दे. पण त्या पाकिटाला काही कुलूप असेल ना?

लालासाहेब : हाय की. सा आकडी. माझ्या फौजंच्या नंबरातलं शेवटचं सा.

अनसूयाबाई : तो नंबर आणखी कुणाला ठाऊक?

लालासाहेब : माझ्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिवलाय, बाई. हातभर लांब. त्याच ट्रंकेवर पाटी ठिवून जयराज आकडं गिरवायला शिकला.

सृष्टी : मग आता त्याला काय दिसतंय? उरलेले पैसेच ना? घेऊ दे त्याला. घेऊ दे सगळे.

लालासाहेब : पैशाला त्येनं हात बी लावला न्हाई. त्येला दुसरंच घावलंय. आज सकाळी न्याहारीला बसलो तर फोन काडला आन् पेपर वाचल्यागत मोठ्यानं वाचाया लागला. तारीख, येळ, दुकानाचं नाव. माधवनगरचं किराणा. माधवनगरचंच सुईदोऱ्याचं दुकान. मग माझ्याकडं बगून म्हनला, आबा, तुमची सून दर बुधवारी पावणेसाला भाजी घेती. शालूबाईकडनं.

सृष्टी : शालूबाईचं नाव घेतलं त्यानं?

लालासाहेब : व्हय.

सृष्टी : पावणेसहालाच घेते मी. शिवणकाम साडेपाचला सुटतं, मग चालत बाजारात. शालूबाई माझ्यासाठी मेथीची जुडी बाजूला काढून ठेवते. आबा, त्यानं मला बघितलेलं नाही. इथं आलेलाही नाही. तरी त्याला बुधवार माहीत आहे?

अनसूयाबाई : खाली बैस. भिंतीला टेक.

सृष्टी : मी रस्ता बदलून जायची, काकू. स्टेशनकडून कधी गेले नाही. कुणी तोंडओळखीचं दिसलं की पदर डोक्यावर घ्यायची. चार महिने. आणि पैसे देताना मात्र माझं मीच त्याला सांगत होते, आता मी इथं उभी आहे, आता इथं.

अनसूयाबाई : एक्स्चेंजात आम्ही अख्ख्या सांगलीचं ऐकायचो. कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा बाप गेला, कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं. पण हेडफोन उतरवला की संपलं. ते कुठं लिहून राहत नव्हतं. आणि मधे कुणीतरी ऐकतंय हे लोकांना माहीत असायचं. तेवढंच बोलायचे.

सृष्टी : आबा, एक विचारू? पाकीट तुमच्या नावाचं होतं. तुम्हालाही हे सगळं दिसत होतं का?

लालासाहेब : न्हाई.

सृष्टी : खरं सांगा.

लालासाहेब : फोन तुझ्याकडं होता. मला कसं दिसंल? पर आता इचारतीस म्हनून सांगतो. दिसलं आसतं तर बगितलं आसतं. रोज बगितलं आसतं. पोरगी जेवली का, दुकानात गेली का. मला त्यात काय वावगं बी वाटलं नसतं. आज त्यो वाचाया लागला तवा माझ्या अंगावर काटा आला.

अनसूयाबाई : हे बोललात ते बरं केलंत.

लालासाहेब : आजून एक हाय. सांगू का नगं, ह्येच गाडीत बसून इचार करत आलो. बाई, तुमी जरा…

सृष्टी : काकू इथंच थांबतील.

लालासाहेब : बरं. त्येनं आजून एक नाव वाचलं. सांगलीतल्या बायकांच्या दवाखान्याचं. तीनदा. तू आलीस त्याच आटवड्यात.

अनसूयाबाई : ते वाचायचं त्याला काही कारण नव्हतं. आणि सुभेदार, ऐकायचं तुम्हालाही नाही.

लालासाहेब : कबूल. म्या इचारत न्हाई. पर त्यो काय म्हनतोय ते हिला कळाया पायजे, न्हाईतर ही गाफील ऱ्हाईल. त्यो म्हनतोय, हिनं माझं मूल पाडलं. पैसं देऊन पाडलं, हा बगा पुरावा. नानासो आन् दादासोला, त्येच्या चुलतभावांना, घेऊन येणार हाय. गावात बी सांगून झालंय. तुजी सासू अंबू चुलीपाशी बसून रडत व्हती, म्हनली, माझं नातवंड मारलं सटवीनं.

सृष्टी : आई असं म्हणाल्या?

लालासाहेब : म्हनली.

सृष्टी : आईंनी असं म्हटलं. काकू, ऐकलंत? तुम्ही सांगा ह्यांना. मला नाही बोलवत.

अनसूयाबाई : मी कागद दाखवू शकते. पण सांगायचं तूच. ते तुझं आहे.

सृष्टी : मूल होतं, आबा. दोन महिन्यांचं. मी फक्त त्याला सांगितलं होतं. तुम्हाला तिसरा महिना लागल्यावर सांगायचं ठरवलं होतं. मग माझ्या भावाचा साखरपुडा आला. कराडला दोन दिवस जाऊन येते म्हटलं, तर नको म्हणाला. मी पिशवी भरली. त्यानं पिशवी फेकली आणि पोटात लाथ घातली. एकदा नाही.

लालासाहेब : तू मला म्हनली व्हतीस, गोठ्यात पाय घसरला.

सृष्टी : मी नाही म्हटलं. मी काहीच बोलले नव्हते. आईंनी सांगितलं तुम्हाला.

लालासाहेब : अंबूनं.

सृष्टी : तुम्ही माझ्या गालावरचे वळ बघितलेत आणि दुसऱ्या दिवशी मला गाडीत बसवलंत. वळ बघून एवढं केलंत. ह्याच्यापुढचं सांगायला माझी जीभ रेटली नाही. किर्लोस्करवाडी मागं पडली आणि मला रक्त जायला लागलं. शेजारी एक बाई शेंगा सोलत बसली होती. तिनं तिचं लुगडं काढून दिलं, गाठोड्यातलं. इथं पोचले तर दारात काकू. माझी ओळखही नव्हती. त्यांनी रिक्षा बोलावली.

अनसूयाबाई : मूल तिथं पोचायच्या आधीच गेलं होतं, सुभेदार. डॉक्टरांनी उरलेलं साफ केलं. ताप उतरेना म्हणून आणखी दोनदा जावं लागलं. तुमच्या मुलानं तीन तारखा वाचल्या, त्या ह्याच्या. कशानं झालं, ते डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय. पोटावर मार. कागद माझ्या कपाटात आहेत.

लालासाहेब : अंबू कुटं व्हती तवा?

सृष्टी : आबा, जाऊ दे.

लालासाहेब : कुटं व्हती?

सृष्टी : दारात.

लालासाहेब : दारात म्हंजी? बगत व्हती?

सृष्टी : आधी बघितलं. मग दार ओढून घेतलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

अनसूयाबाई : सुभेदार. सुभेदार, इकडं बघा. थांबा, पाणी ओतते.

लालासाहेब : तीस वर्सं फौजंत गेली. घरी यायचो तवा अंबू म्हनायची, पोरगं गुणी हाय, कुणाला उलटून बोलत न्हाई. म्या म्हनायचो, बरं झालं.

अनसूयाबाई : घ्या. एक घोट तरी घ्या.

लालासाहेब : आज सकाळी ती रडत व्हती, बाई. खरंखुरं पाणी व्हतं डोळ्यांत. म्या बगितलं. तिला समदं ठाऊक आसून रडत व्हती.

सृष्टी : मी मिरजेला जाते. तिथून कुठलीतरी गाडी मिळेल. काकू, माझी दोन पातळं दोरीवर आहेत तेवढी…

अनसूयाबाई : कुठं जाशील? हातात पैसा नाही, फोन नाही.

सृष्टी : कुठंही. त्याला माहीत नाही असं काहीतरी असेलच की. तुम्ही चुलतभावांना बघितलं नाही, काकू. ते आले की तुमची काठी पुरायची नाही.

लालासाहेब : बस खाली. पळायचं न्हाई आता. पळाया म्याच लावलं तुला, आन् ते चुकलं. बाई, हितलं पोलिस ठेसन किती लांब हाय?

अनसूयाबाई : रिक्षानं दहा मिनिटं. शिवाय महिलांसाठी संरक्षण अधिकारी असतात. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच नंबर दिला होता. हिनं फोन करू दिला नाही.

सृष्टी : कुणाच्या जोरावर करणार होते? साक्षीला कोण होतं? बघणाऱ्या त्या एकट्या.

लालासाहेब : फिर्याद तुजी. वळ म्या बगितल्यात, ते म्या लिवून देतो. गाडीत का बसवलं ते सांगतो. अंगठा कसा घेतला ते सांगतो. न्याहारीला त्यो काय काय बोलला, समदं सांगतो. हिशेबानं, येकामागं येक.

सृष्टी : तुमचा एकुलता एक मुलगा आहे तो.

लालासाहेब : ते मला नगं सांगू, पोरी.

सृष्टी : गावात राहता येणार नाही तुम्हाला.

लालासाहेब : ते बी ठाऊक हाय. बाई, तेवढं कागद काडा. आन् रिक्षा आपल्यातल्या मानसाची बगा. रोख पैसं हायत माझ्याकडं.

(अडीच महिन्यांनंतर. सांगली न्यायालयाच्या आवारातलं सिमेंटचं बाक. दुपारी तारीख नुकतीच आटोपली आहे.)

सृष्टी : सावलीत सरका, आबा. दोन तास उभे होतात आत.

लालासाहेब : सवय हाय. तुला चक्कर न्हाई ना आली? त्येच्या वकिलानं ती यादी बाहीर काडली तवा तू पांढरीफटक पडलीस.

सृष्टी : मला वाटलं नव्हतं, ते कागदावर छापून आणतील. त्या माणसानं शालूबाईचं नाव वाचलं, तारीख वाचली, दवाखान्याचं नाव वाचलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मेथीची जुडी न् दवाखाना एकाच आवाजात वाचत होता.

लालासाहेब : पर मॅजिस्ट्रेट बाईंनी बरोबर धरलं. यादी आली कुटनं, म्हनल्या. त्यो म्हनला, वडलांनी दिली. माझ्या देखत म्हनला. माझ्याकडं बगून म्हनला.

सृष्टी : तुम्ही पुढं झालात तेव्हा मला भीती वाटली. वाटलं, आता काय बोलतील.

लालासाहेब : काय बोलायचं? न्हाई दिली म्हनलो. अंगठा कारखान्यासाटी म्हनून घेतला, आन् दुकानात दुसऱ्याच कामाला वापरला. येवढंच. बाकीचं दवाखान्याच्या कागदानं सांगितलं. त्येच तीन तारखा आन् म्होरं डॉक्टरचा शेरा. त्येच्या वकिलानं मग यादी फाइलीत घातली.

सृष्टी : घातली, पण वाचून झाली होती, आबा. ती आता तिथं राहणार. ऐकलेलं लोकांच्या डोक्यातून कसं काढायचं?

लालासाहेब : त्येला इलाज न्हाई माझ्याजवळ.

सृष्टी : तुमचं पाकीट बंद केलंत का?

लालासाहेब : केलं. बँकेत जाऊन लेखी दिलं. तितल्या बाई म्हनल्या, सुभेदारसाहेब, रुपयाचा काय दोष? नंबर कुणाला कळू द्यायचा नसतो. बरोबरच हाय त्येंचं बी. म्या म्हनलं, ताई, नोट द्यायचो तवा माझ्या चुकीची शिक्षा मला व्हायची. ही शिक्षा दुसऱ्यालाच झाली.

सृष्टी : मी नवीन काढलंय. माझ्या नावाचं, माझ्या सिमवर. नंबर कुणालाच ठाऊक नाही, काकूंनाही नाही. दुकानदार आता सुट्टे पैसे देत नाहीत, म्हणून. पण डॉक्टरांकडं जाताना नोटा घेऊन जाते. भाजीलाही नोटा. शालूबाईनं हातात हात घेऊन विचारलं, माझ्यामुळं काय झालं का गं तुझं? मी मेथीची जुडी घेतली आणि तिच्या हातात नोट ठेवली.

लालासाहेब : जयराजला तुझ्या वाऱ्याला बी हुबं ऱ्हायला मनाई झालीया न्हवं? त्ये पाळतोय ना?

सृष्टी : अजून तरी. त्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला न् हवालदाराला जिन्याच्या पायरीवर बसलेलं बघून तो परत फिरला, तेव्हापासून माधवनगरात दिसला नाही. आईंनी काही जबाब दिला?

लालासाहेब : दिला. मला काय आठवत न्हाई, म्हनली. पोलिसानं दोनदा इचारलं. दोनदा त्येच.

सृष्टी : तुम्ही घरी जाता?

लालासाहेब : न्हाई. मेढ्याला भनीकडं हाय. तिचं भाताचं वावर हाय डोंगराच्या अंगाला, तितं जातो. अंबू रोज फोन करती. म्या उचलतो. मग ती ठेवती.

सृष्टी : रोज?

लालासाहेब : रोज. परवा तिनं येवढंच इचारलं, सृष्टी बरी हाय का? म्या म्हनलं, तू इचारू नगंस. आन् ठिवला.

सृष्टी : आबा, तुम्ही माझ्यासाठी घर सोडलंत.

लालासाहेब : तुज्यासाटी न्हाई सोडलं. मला तितं जेवण जाईना. हे घे, ह्यात थोडं पैसं हायत. नोटा हायत.

सृष्टी : नको. खरंच नको. आता शिवणकामात मला कारागीर धरतात, मदतनीस नाही. पगार पुरतो. उलट मीच आज तुम्हाला खानावळीत घेऊन जाणार आहे.

लालासाहेब : बरं, जाऊ की. अनसूयाबाई म्हनल्या, तू त्येंची खोली सोडलीस.

सृष्टी : सोडली. ती जागा सगळ्यांच्या तोंडी झाली होती. काकू रागावल्या, मग त्यांनीच माझी भांडी बांधून दिली. थांबा, नवीन पत्ता लिहून देते. कागद आहे का तुमच्याकडं?

लालासाहेब : नगं. लिवू नगंस.

सृष्टी : तुमच्यापासून कशाला लपवू मी?

लालासाहेब : तू लपवत न्हाईस. म्याच घेत न्हाई. भेटायचं झालं तर हितं भेटू, तारखंला. येवढंच सांग, तितं शेजार बरा हाय का?

सृष्टी : बरा आहे, आबा. झोप लागते.